आकाशातली खाण आणि घरातले सोने

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले आणि विषय माझ्यावरच सोपविला. मी विषय कळविला, तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, वेळापूरच्या बायकांना आकाशातल्या खाणींचे काय करायचे आहे?" प्रश्न रास्त आहे. परंतु हल्ली वर्तमानपत्रांत आणि मुलांच्या हातांतल्या फोनवर एक बातमी वारंवार येते. आकाशात सोन्याचा एक डोंगर फिरतो आहे, तो खाली आणला तर जगातला प्रत्येक माणूस कोट्यधीश होईल, अशी ती बातमी. सोन्याचा प्रश्न आला की तो बायकांचा होतोच. म्हणून या डोंगराचा हिशेब आज आपण मांडून पाहू. मी शाळेत भूगोल शिकविला, त्यामुळे डोंगर माझ्या ओळखीचे आहेत. आणि हिशेब तर आपण सगळ्याच जाणतो.

प्रथम हा डोंगर आहे तरी काय, ते सांगते. सूर्याभोवती जसे ग्रह फिरतात, तसे लहानमोठे लक्षावधी दगडही फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांतले बहुतेक मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहेत. पहिला लघुग्रह सापडला तो १८०१ सालच्या १ जानेवारीला. इटलीतल्या पियाझी नावाच्या ज्योतिर्विदाने तो शोधला. आज दहा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झाली आहे. काही नुसत्या दगडाचे आहेत, काहींत पाणी धरून ठेवणारी माती आहे, आणि थोडे लोखंड व निकेल यांचे आहेत. या लोखंडी दगडांत सोने आणि प्लॅटिनमही असते.

ते तेथे का असावे, हे आपल्याला स्वयंपाकघरात समजते. तांदूळ पाण्यात रोळताना खडे जड म्हणून तळाशी जातात. आपली पृथ्वी तिच्या बालपणी वितळलेली होती. त्या वेळी लोखंड जड म्हणून मध्यभागी बुडाले आणि जाताना बहुतेक सोने व प्लॅटिनम बरोबर घेऊन गेले. वरच्या कवचात आपण जे खणतो ते मागे राहिलेले थोडेसे आहे. काही लघुग्रह असेच वितळले, त्यांचेही लोखंड मध्यभागी गेले, आणि पुढे एकमेकांवर आदळून ते फुटले. म्हणजे तळाशी बसलेले खडे उघडे पडले. दक्षिण आफ्रिकेतल्या प्लॅटिनमच्या चांगल्या खाणीत एका टन दगडामागे तीनपासून सहा ग्रॅम मौल्यवान धातू निघतो. काही लोखंडी उल्कापाषाणांत टनामागे वीस-तीस ग्रॅम, क्वचित त्याहूनही अधिक असतो. तेव्हा आकाशात माल आहे, ही गोष्ट खोटी नाही. माल आहे, पण तो घरात येऊन पडायला काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

आकाशातला माल आयता आपल्या अंगणात पडल्याची एक नोंद हिंदुस्थानच्या इतिहासात आहे. १६२१ साली पंजाबात जालंधरजवळ लोखंडाचा एक गोळा आकाशातून पडला. बादशहा जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. गोळ्याचे वजन भरले १६० तोळे. बादशहाने उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला त्याच्या तलवारी घडवायला सांगितले. परंतु ते लोखंड घणाखाली टिकेना, फुटू लागले. शेवटी तीन भाग आकाशाचे लोखंड आणि एक भाग साधे लोखंड मिसळले, तेव्हा दोन तलवारी, एक कट्यार आणि एक सुरी तयार झाली. माल फुकट, वाहतूक फुकट, आणि तरीही तो वापरण्याजोगा करायला जमिनीतल्या लोखंडाची मदत लागली! आपण ही गोष्ट ध्यानात ठेवू.

दुसरी हकीकत आपल्या महाराष्ट्रातली आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर आपल्यापैकी काहींनी सहलीत पाहिले असेल. आपल्या अर्धनारीनटेश्वराच्या देवळाचा जो काळा पाषाण, त्याच जातीच्या खडकात लोणारला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा, दीडशे मीटर खोलीचा गोल खड्डा पडला आहे. आकाशातला दगड आदळून तो पडला, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने पक्के केले. म्हणजे लघुग्रहाचा तुकडा आपण होऊन महाराष्ट्रात आला होता. मग त्याच्यातला धातू कोठे गेला? तो कोणाच्याच हाती लागला नाही. असा दगड एका सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने येतो. आदळल्याबरोबर एवढी उष्णता होते की दगडाची स्वतःचीच वाफ होऊन जाते.

लोणारने माणसाला काही दिलेच नाही असे मात्र नाही. खड्ड्यातले पाणी बाहेर जायला वाट नाही. ते आटते आणि खार मागे राहतो. हा खार काच आणि साबण यांच्या कामी येतो, अशी नोंद अकबराच्या काळच्या ऐने-अकबरीत आहे. पुढे इंग्रजी अमदानीतही तेथला खार निघत असे. मग तो धंदा उरला नाही, आणि २०२० साली या सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. लोणारने जे दिले, तो खार आपल्याच मातीचा आणि पाण्याचा होता. आकाशातल्या धनाने नुसता खड्डा खणून दिला.

ही गोष्ट न उमगल्याने एका माणसाचा जन्म खर्ची पडला. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतात लोणारसारखाच एक खड्डा आहे. डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने १९०३ साली तेथे कंपनी काढली. खड्डा एवढा मोठा, तर खाली लोखंडाचा केवढा गोळा पुरला असेल, असा त्याचा विचार. सव्वीस वर्षे तो भोके पाडीत राहिला. १९२९ साली मोल्टन नावाच्या ज्योतिर्विदाने गणित करून दाखविले की दगड मुळात अंदाजापेक्षा फार लहान होता, आणि त्याचाही बहुतेक भाग आदळताना उडून गेला. त्याच वर्षी बॅरिंजर हृदयविकाराने वारला. खड्डा लघुग्रहाने पाडला, हे त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले. शास्त्र बरोबर होते, धंदा चुकला. या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे आजच्या व्याख्यानातले पहिले सांगणे आहे.

कोणी म्हणेल, आपण होऊन पडलेला दगड हाती लागत नाही, तर आपण तेथे जाऊन आणू. तसेही झाले आहे. जपानचे हायाबुसा यान २००३ साली निघाले आणि २०१० साली एका लघुग्रहावरचे चिमूटभरही नव्हे, एक मिलिग्रॅमहूनही कमी कण घेऊन आले. जपानचेच दुसरे यान २०२० साली र्‍युगू नावाच्या लघुग्रहावरून ५.४ ग्रॅम माती घेऊन परतले. अमेरिकेचे यान २०१६ साली निघाले आणि २४ सप्टेंबर २०२३ रोजी बेन्नू नावाच्या लघुग्रहाची १२१.६ ग्रॅम माती त्याने खाली सोडली. चीनचेही एक यान २०२५ च्या मे महिन्यात अशाच कामावर निघाले आहे. पण आजवर लघुग्रहांवरून माणसाने जो माल प्रत्यक्ष घरी आणला, त्याची बेरीज १२७ ग्रॅम होते. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने पुरते तेरा तोळेही नाही.

आता खर्च पाहा. बेन्नूच्या मोहिमेला सुमारे ११६ कोटी डॉलर लागले. म्हणजे मातीच्या एका तोळ्याला साडेनऊ कोटी डॉलर, रुपयांत आठशे कोटींच्या घरात. आपले चंद्रयान-३ चंद्रावर उतरले त्याचा सबंध खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये होता! सोन्याचा तोळा २०२५ साली लाख रुपयांच्या वर गेला म्हणून आपण हळहळलो. येथे नुसती मातीच आठशे कोटींची पडली. अर्थात ही मोहीम धंद्यासाठी नव्हती, ज्ञानासाठी होती, आणि त्या दृष्टीने ती महागही पडली नाही. पुढे बोलताना मी त्याकडे येईनच. आणि मोठ्या प्रमाणावर काम केले तर तोळ्याचा खर्च उतरेल, हेही खरे. परंतु तो आठशे कोटींवरून लाखाच्या खाली यायचा, म्हणजे ऐंशी हजार पटींनी उतरायचा आहे.

हा खर्च एवढा का होतो? पहिले कारण वाहतूक. आपल्या माळशिरस तालुक्यातल्या बाईला ऊसतोडणी आणि वाहतूक हे शब्द शिकवावे लागत नाहीत. एका टन उसातून शंभर-एकशेदहा किलो साखर निघते. बाकीचे वजन पाणी आणि चिपाड. म्हणून कारखाना फडाजवळ लागतो. ऊस दोन-तीनशे किलोमीटर नेला तर साखर गोड लागेल, पण हिशेब कडू होईल. लघुग्रहाचे अंतर तर कोटी किलोमीटरांत मोजायचे. आणि अग्निबाणाला वाटेत पेट्रोलपंप नाही. बैलाने गाडीत आपलाच कडबा भरून न्यावा आणि तो कडबा ओढायला आणखी बैल जुंपावा, तशी त्याची स्थिती असते. उड्डाणाच्या वेळी त्याच्या वजनातला दहापैकी साडेआठ-नऊ भाग इंधनच असते.

दुसरे कारण वेळ. बेन्नूच्या यानाला जाऊन यायला सात वर्षे लागली. आपल्या बचत गटात शेकडा दरमहा एक रुपया, म्हणजे वर्षाला बारा टक्के, हा दर आपण माफक समजतो. त्या दराने चक्रवाढीने १०० रुपयांचे सात वर्षांत २२१ रुपये होतात. यंत्र बनविण्याची, चाचण्यांची आणि परतीची वर्षे धरून पंधरा झाली, तर ५४७ रुपये होतात. म्हणजे पहिला खडा विकण्यापूर्वीच मालकाच्या डोक्यावर साडेपाचपट झाले. व्याज रात्रीही झोपत नाही, आकाशात तर नाहीच नाही.

जमिनीवरच्या खाणीलाही हाच न्याय लागतो. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेली होती. ती २००१ साली बंद झाली. सोने अगदी संपले म्हणून ती बंद झाली नाही. एक तोळा काढायला जेवढा पैसा लागे, तेवढा तो विकून मिळेना. पायाखालचे सोने तीन किलोमीटरांवरून वर आणणे परवडत नाही, तेथे कोटी किलोमीटरांवरून आणण्याच्या गोष्टी जरा बेतानेच ऐकाव्यात.

बरे, समजा की उद्या विज्ञानाने कमाल केली आणि वाहतूक स्वस्त झाली. मग तरी आपण सगळे कोट्यधीश होऊ का? बातमीतला तो सोन्याचा डोंगर म्हणजे सायकी नावाचा लघुग्रह. त्याची रुंदी सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. अमेरिकेचे यान २०२३ च्या ऑक्टोबरात तिकडे निघाले आणि २०२९ साली पोहोचायचे आहे. तेही खोदायला नव्हे, फिरून पाहायला. पूर्वी हा लघुग्रह सगळा धातूचाच समजत. आता शास्त्रज्ञ म्हणतात की धातू निम्म्याच्या आसपास असावा, बाकी दगड. त्याची किंमत म्हणून एकावर एकोणीस शून्ये इतके डॉलर सांगतात. सगळ्या जगाचे एका वर्षाचे उत्पन्न एकावर चौदा शून्ये इतके डॉलर आहे. म्हणजे जगातल्या सगळ्या माणसांनी एक लाख वर्षे न खाता-पिता कमाई साठविली, तर तो माल विकत घेता येईल! घेणाराच नाही, तर किंमत कसली? सांगणाऱ्याने आजचा भाव घेतला आणि सबंध डोंगराला गुणला.

ही चूक आपल्या सोलापूरचा कांदावाला कधी करणार नाही. पहिल्या दोन गाड्यांचा भाव सगळ्या आवकेला लागत नाही, हे त्याला पाठ आहे. सोलापूरच्या बाजारात आवक वाढली की भाव कसा बसतो, आणि भरलेली गाडी परत आणायला भाडे कसे परवडत नाही, हे आपल्या घरोघरी माहीत आहे.

धातूंच्या बाबतीतही असे घडलेले आहे. आपल्या घरातले जर्मनचे पातेले म्हणजे ॲल्युमिनियम. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे एक उंच स्मारक आहे. १८८४ साली त्याच्या टोकाला पावणेतीन किलोंच्या आसपास ॲल्युमिनियमचा कळस बसविला, कारण तो धातू तेव्हा चांदीच्या तोडीचा होता. दोनच वर्षांनी, १८८६ साली, विजेने तो स्वस्तात काढण्याची युक्ती सापडली, आणि होता होता तो धातू स्मारकाच्या टोकावरून आपल्या चुलीवर आला. जगाचे कल्याण झाले, यात शंका नाही. भात शिजवायला हलके भांडे मिळाले. पण ज्यांनी कळसाच्या भावाने तो घेऊन ठेवला असेल, त्यांचे काय झाले असेल? विपुलता आली की ती सर्वांना वापरायला मिळते, पण श्रीमंत कोणालाच करीत नाही.

येथपर्यंत ऐकून आपल्याला वाटेल की मी सगळ्यालाच नाही म्हणते आहे. तसे नाही. आकाशातल्या एका मालाचा धंदा उद्या जमण्याजोगा आहे. आणि तो माल सोने नसून पाणी आहे. पाण्याची किंमत जागेवर ठरते, हे सोलापूर जिल्ह्याला सांगायला नको. कालवा वाहतो तेथे पाण्याला कोणी विचारीत नाही, आणि चैत्र-वैशाखात टँकर आला की हंड्यांची रांग लागते. पालखीच्या मुक्कामाला आपण वारकऱ्यांना पाणी पाजतो त्याचे पुण्य मोठे, कारण ते वाटेवर मिळते.

अवकाशात तसेच आहे. पूर्वीच्या अमेरिकन स्पेस शटलमधून एक किलो वजन वर न्यायला सुमारे पन्नास हजार डॉलर पडत. हल्लीच्या अग्निबाणांनी ते दोन-तीन हजारांवर आणले आहे. तरीही पंधरा लिटरचा एक हंडा वर पोहोचवायला तीस लाख रुपयांच्या घरात खर्च येतो. म्हणून अवकाशस्थानकावरचे लोक घाम आणि मूत्रसुद्धा शुद्ध करून पुन्हा पितात. शंभरातले अठ्ठ्याण्णव भाग पाणी परत मिळविण्यापर्यंत त्यांची मजल २०२३ साली गेली. बेन्नू आणि र्‍युगू यांच्या मातीत पाणी धरून ठेवलेली खनिजे सापडली आहेत. ते पाणी तेथल्या तेथे काढले, तर पिता येईल. आणि विजेने त्याचे दोन वायू वेगळे केले तर अग्निबाणाचे इंधन होईल. वाटेवर पेट्रोलपंप नाही, असे मी मघाशी म्हटले. तो पंप घालण्याची ही कल्पना आहे.

यातही दोन अडचणी आहेत. पहिली, गिऱ्हाईक. आज पृथ्वीभोवती फिरणारी माणसांची स्थानके दोनच आहेत आणि त्यांत मोजकी माणसे. टँकर भरून उभा केला, पण वस्तीच नाही, अशी गत. दुसरी अशी की जसजसे वर जाणे स्वस्त होते, तसतसे खालूनच पाणी पाठविणेही स्वस्त होते. म्हणजे ज्या गोष्टीने हा धंदा शक्य होतो, तीच गोष्ट त्याची गरज कमी करते. तेव्हा हा धंदा कधी जमेल तो वर वस्ती वाढल्यावर, आणि तो माल वरच खपेल. खाली वेळापुरात काही येणार नाही.

धंदा म्हणून ज्यांनी यात उडी घेतली त्यांची हकीकतही ऐका. २०१२ साली अमेरिकेत प्लॅनेटरी रिसोर्सेस नावाच्या कंपनीने मोठ्या गाजावाजाने लघुग्रहांच्या खाणी जाहीर केल्या. मोठमोठ्या धनवंतांनी पैसे घातले. युरोपातल्या लक्झेंबर्ग देशाच्या सरकारनेही भांडवल घातले. एका कणाचीही खाण न होता २०१८ साली ती कंपनी दुसऱ्या, अगदी वेगळ्या धंद्यातल्या कंपनीने घेतली, आणि लक्झेंबर्गचे एक कोटी वीस लाख युरो बुडाले. त्याच काळात निघालेली दुसरी कंपनीही २०१९ च्या सुरुवातीला विकली गेली. अलीकडे ॲस्ट्रोफोर्ज नावाच्या कंपनीने २०२५ च्या फेब्रुवारीत एका लघुग्रहाकडे यान सोडले. थोड्याच वेळात त्याच्याशी संपर्क तुटला. ही सगळी हुशार आणि अभ्यासू माणसे होती. त्यांना मी हसत नाही. पण जेथे सरकारे आणि धनवंत पैसा बुडवून बसले, तेथे आपल्या भिशीच्या पैशाने पाऊल टाकू नये.

हे सांगण्याचे कारण घडले आहे. आपल्यापैकीच एका भगिनीच्या घरी उन्हाळ्यात एक गृहस्थ आले होते. आकाशातले सोने लवकरच उतरणार, मग सोन्याचा भाव कोसळणार, तेव्हा आताच पाटल्या मोडा आणि आकाशातल्या सोन्याच्या कागदात पैसे घाला, दामदुप्पट होईल, असे त्यांचे म्हणणे. ती भगिनी मला विचारायला आली. पाटल्या तिच्या आईने दिलेल्या आहेत आणि मुलीच्या शिक्षणाची बेगमी म्हणून तिने त्या राखून ठेवल्या आहेत. मी तिला एवढेच म्हटले, "अगं, आकाशातल्या सोन्याने भाव कोसळणार असेल, तर त्या कंपनीचे सोने तरी कोणत्या भावाने विकले जाईल? त्याच कोसळलेल्या ना?" तिने पाटल्या मोडल्या नाहीत.

जगात दरवर्षी जमिनीतून सुमारे ३,६०० टन सोने निघते. भाव हलवायचा तर आकाशातून हजारो टन यावे लागेल. आले आहे किती? १२७ ग्रॅम, आणि तीही माती. सोन्याचा भाव इतर कारणांनी चढतो-उतरतो, आणि पुढेही चढेल-उतरेल. त्याची हमी मी देत नाही. पण आकाशाच्या भीतीने कोणी दागिना मोडू नये. १९७२ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या बायांनी खडी फोडली, आणि घरातला किडूकमिडूक डाग गहाण टाकून मुलांच्या तोंडात घास घातला. बाईच्या अंगावरचा डाग ही तिची शोभा आहेच; पण ती तिच्या नावावरची एकुलती एक शिल्लकही असते. त्या शिल्लकीवर टपलेल्यांना हल्ली जमिनीवरची आमिषे पुरेनाशी झाली आहेत, म्हणून ते आकाशातली आणतात.

आणखी एक प्रश्न हक्काचा आहे. हे दगड कोणाचे? १९६७ च्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे आकाशातल्या कोणत्याही गोलावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. भारतही त्या करारात आहे. परंतु २०१५ साली अमेरिकेने आणि २०१७ साली लक्झेंबर्गने कायदा केला की दगड कोणाचा नसला, तरी त्यातून काढलेला माल काढणाऱ्याचा. नदी कोणाची नाही, पण मी भरून घेतलेला हंडा माझा, असे त्यांचे म्हणणे. हंड्यापुरते ते ठीक आहे. पण आपण नदीकाठची माणसे आहोत. हंडा घेऊन येणारी आणि मोटार लावून उपसणारा यांत काय अंतर असते, ते आपण पाहिले आहे. म्हणून नियम माल निघण्यापूर्वी व्हावेत, आणि त्या चर्चेत आपल्या देशाने जागे राहावे, असे मला वाटते.

आता ज्ञानाच्या बाजूकडे येते. बेन्नूच्या त्या १२१ ग्रॅम मातीत जीवसृष्टीला लागणारी काही मूलद्रव्ये आणि संयुगे सापडली. आपल्या पृथ्वीवर पाणी आणि जीवनाची सामग्री कोठून आली असेल, याचा धागा त्यात आहे. दुसरा लाभ संरक्षणाचा. लोणारला जे झाले ते पुन्हा होऊ शकते. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस नावाचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरांवरून जाणार आहे. आपले दूरदर्शनचे उपग्रह त्याहून दूर असतात. तो आदळणार नाही, हे गणिताने निश्चित आहे, तेव्हा घाबरू नका. पण ते निश्चित सांगता येते ते या अभ्यासामुळे. २०२२ च्या सप्टेंबरात अमेरिकेने एका लहान लघुग्रहावर यान मुद्दाम आदळवून त्याची फिरण्याची वाट बदलूनही दाखविली. या विद्येचा नफा वहीत मांडता येत नाही, पण तो सर्वांच्या वाट्याला येतो.

एवंच, माझे सांगणे थोडक्यात असे. आकाशात माल आहे, पण माल म्हणजे धन नव्हे. कोणी मोठा आकडा सांगितला की त्याला पाच प्रश्न विचारावेत. माल किती? काढायला किती? आणायला किती? किती दिवसांनी? आणि घेणार कोण? आपल्या मंडळाचे पापड आणि शेंगाचटणी पुण्याला पाठवायची म्हणून पुढच्या महिन्यात बैठक आहे. तेथेही हेच पाच प्रश्न लागतील. जो हिशेब पापडाला लागतो तोच सायकीला लागतो. शून्ये वाढली म्हणून रीत बदलत नाही.

आणि आपल्या मुलींविषयी एक विनंती. त्यांनी आकाशातल्या खाणींची बातमी वाचून दाखविली, तर "तुला काय करायचे आहे?" असे म्हणू नका. बसवून घ्या आणि हे पाच प्रश्न तिलाच सोडवायला सांगा. तिला भूगोल, गणित आणि रसायन, तिन्ही लागतील. वर वस्ती झाली आणि पाण्याचा तो पंप खरोखर बसवायची वेळ आली, तर त्याचा हिशेब मांडणारी एखादी मुलगी दुष्काळी मुलखातली असावी, असे मला मनापासून वाटते. कारण थेंबाची किंमत तिला पुस्तकातून शिकावी लागणार नाही.